मौनाच्या दालनातली सतरंजी

मित्रांनो, मी एक जुनी, रंग उडालेली सतरंजी आहे. तुम्ही वाशीमकडून मंगरूळपीरच्या बाजूला आलात, तर आसेगावच्या पुढे एका टेकडीवर कौलारू इमारत दिसेल. ते साधना केंद्र आहे. तिथल्या मोठ्या दालनात माझं सगळं आयुष्य गेलं.

आपल्याच काळ्या जमिनीतल्या कापसापासून माझं सूत निघालं. विणकराने फणीसारख्या लोखंडी पंजाने माझा एकेक धागा ठोकून बसवला. अंगावर निळे आणि विटकरी पट्टे आले. मला वाटलं होतं, एखाद्या लग्नाच्या मांडवात पसरतील, वाजंत्री ऐकायला मिळेल. पण मला इथे आणलं. ज्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर माणसं येऊन बसली, त्या दिवशी मी चकित झाले. दालन भरलेलं होतं आणि कोणीच बोलत नव्हतं. टेकडीवरचा मोर ओरडला, तो आवाज या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरला आणि विरला. त्यानंतर उरले फक्त श्वास. इतक्या माणसांची शांतता अंगावर पेलणं काय असतं, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही.

इथे येणाऱ्या पाहुण्यांना सुकेशनीताई पहिल्याच संध्याकाळी माझ्यावर बसवून सगळं समजावून सांगत. त्या इथलं काम पाहतात.

"फोन या पेटीत ठेवा," त्या म्हणत. "सकाळी घंटी वाजली की उठाचं. जेवाले भाकर, वरण, एखादी भाजी. आपलं ताट आपन घासाचं. शिबिर सुटेपर्यंत कोनी कोनाशी बोलाचं नाई, हातानं खुनाबी कराच्या नाई. इथं आमी काही शिकवत नाई, निस्तं बसाचं हाय. नाईच जमलं तर मले सांगून घरी जा. कोनी अडवनार नाई."

एका वर्षी मकरसंक्रांतीनंतरच्या शिबिरात रिठद गावचे जगदेवबुवा आणि त्यांच्या पत्नी गोजराबाई अशी दोघं आली. बुवा म्हणजे पंचक्रोशीतले भजनी गायक. पण घशाच्या आजारात त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं होतं. गळ्याला भोक ठेवलेलं, त्यातूनच ते श्वास घेत. त्यावर ते नेहमी उपरणं गुंडाळून असत.

गोजराबाई सुकेशनीताईंना म्हणाल्या, "ताई, घरी जो येते तो ह्याहिले 'कसं हाय बुवा' म्हनून इचारते. मंग हे भिताडाकडं तोंड करून बसते. म्हटलं, जिथं कोनीच बोलत नाई तिथं तरी ह्याहिले बरं वाटन."

पहिल्या दिवशी खरंच बरं वाटलं. सगळेच गप्प, त्यामुळे बुवा कोणाहून वेगळे दिसेनात. दुसऱ्या दिवशी मात्र दालनातली शांतता खोल गेली आणि त्यात एक आवाज ऐकू येऊ लागला. बुवांच्या गळ्यातून श्वासाबरोबर बारीक शिट्टी वाजत होती. कोणी वळून पाहिलं नाही. तरी बुवांचं अंग आखडलेलं मला कळलं. ते श्वास रोखून धरायला लागले. मग न राहवून श्वास सुटला की शिट्टी आणखी मोठी वाजे.

दुपारी त्यांनी पिशवी भरली. गोजराबाई दारात उभ्या राहिल्या. नियम असल्यामुळे त्या बोलल्या नाहीत, पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बुवा फाटकापर्यंत गेले. वाशीमकडे जाणारी एसटी संध्याकाळी होती. ऊन टाळायला ते परत येऊन रिकाम्या दालनात माझ्यावर बसले.

बसल्या बसल्या त्यांची बोटं माझ्यावर हलायला लागली. आधी दोन बोटं, मग पंजा. मी आधी ओळखलं नाही, मित्रांनो, मला गाण्यातलं काय कळणार? पण माझ्या धाग्याधाग्यातून काहीतरी चालू लागलं. मागाहून कळलं, तो भजनाचा ठेका होता. बुवांचे ओठ हलत होते, गळ्यातून नुसती हवा येत होती, आणि जे गाणं बाहेर पडत नव्हतं ते हातातून माझ्यात उतरत होतं.

एवढ्यात शिबिराला आलेले, शेजारच्या बंजारा तांड्यावरचे दौलतसिंग ध्यानाला येऊन बसले. होळीला लेंगी गाणी म्हणताना डफ वाजवणारा हा माणूस. डोळे मिटून बसल्यावर त्यांच्या मांडीखाली ठेका आला. त्यांनी डोळे उघडले नाहीत. थोड्या वेळाने त्यांचीही बोटं माझ्यावर पडू लागली. चाल वेगळी होती, पण बुवांच्या ठेक्यात ती बरोबर मधल्या मोकळ्या जागी बसत होती. बुवा थांबले. दौलतसिंगही थांबले. मग बुवांनी पुन्हा सुरुवात केली.

सुकेशनीताई दारात येऊन उभ्या होत्या. नियम मोडला जात होता. त्यांनी चप्पल काढली, आत आल्या आणि एका कोपऱ्यात डोळे मिटून बसल्या.

संध्याकाळी एसटी येऊन गेली. बुवा हलले नाहीत.

शेवटच्या सकाळी ताई म्हणाल्या, "आता बोला." मित्रांनो, अडलेलं पाणी सुटावं तसं झालं. जो तो बोलत होता. त्या गलक्यात बुवा पुन्हा भिंतीकडे वळले. तेव्हा दौलतसिंग त्यांच्यासमोर येऊन बसले. काही विचारलं नाही. नुसता ठेका धरला. बुवांनीही धरला. हळूहळू सगळे गप्प झाले आणि मग एका बाईचा आवाज उठला.

गोजराबाई गात होत्या. आवाज जाडाभरडा होता, पण शब्द एकही चुकत नव्हता. बुवा नवलाने पाहतच राहिले.

कडवं संपल्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या भजनी मंडळीसाठी चहा करता करता म्या सारं पाठ केलं. इतकी वर्सं सैपाकघरात म्हनतच व्हती. तुमच्या आवाजात तुमाले माहा ऐकू नाई आला."

दुसऱ्या कडव्यात वरच्या सुराला त्या घसरल्या. बुवांनी ठेका थांबवला, मान हलवली आणि हात वर नेत दाखवलं, इथे चढायचं. त्या पुन्हा म्हणाल्या. पुन्हा मान हलली. तिसऱ्यांदा सूर लागला, आणि बुवांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते पाहून दौलतसिंगांनी डोळ्यांना रुमाल लावला.

सुकेशनीताई सांगतात, आता रिठदला गोजराबाईच भजन म्हणतात आणि बुवा समोर बसून त्यांच्या चुका काढतात. घरी येणारी माणसं आता तब्येत विचारत नाहीत, गाणं शिकायला येतात.

मी मात्र म्हातारी झाले. दालनात नव्या मऊ गाद्या आल्या. मला गुंडाळून कोठीत ठेवलं, तिथे उंदरांनी माझी एक कड कुरतडली. हल्ली जेवणाच्या पंगतीला तेवढं मला पसरतात. माझी तक्रार नाही. फक्त ओली असताना मला गुंडाळू नका, अधूनमधून ऊन दाखवा, आणि फाटलं तिथे दोन टाके घाला. माझ्यात अजून बरंच बळ आहे.

आणि मित्रांनो, कधी तुमच्या शेजारी कोणी गप्प बसलेलं असेल, तर त्याला लगेच काही विचारू नका. त्याच्याजवळ खाली बसा. बराच वेळ बसा.