दोष आढळला नाही

दाखवाकाकांनी उभ्या आयुष्यात न पाहिलेल्या दोषाला हात लावला नव्हता. गाडी कुरकुरते म्हणा, खोकते म्हणा, वळणावर रडते म्हणा, त्यांचं उत्तर एकच: "दाखवा." दाखवता आलं तर ते दुरुस्त करत, आणि असं करत की गाडी पुन्हा त्या दुखण्याचं नाव काढत नसे. दाखवता आलं नाही तर पावतीवर निळ्या शाईत 'दोष आढळला नाही' असं लिहून खाली सही ठोकत. त्यांचं खरं नाव बायकोखेरीज कुणाच्याच लक्षात उरलं नव्हतं, आणि तीही बापडी त्यांना "अहो" म्हणायची.

थंडी पडली त्याच सोमवारी संध्याकाळी बटणांच्या कारखान्यातल्या एक बाई गाडी घेऊन आल्या. कोटाच्या बटणाला चार भोकं आहेत की तीन, हे तपासण्याची त्यांची नोकरी.

"काका, माझ्या बाजूची काच गारठ्यात खालीच येत नाही. स्विच दाबला की आतून नुसतं टक् होतं."

"दाखवा."

बाईंनी स्विच दाबला. काच सर्रकन खाली गेली, सर्रकन वर आली. काकूंनी काकांच्या गुडघ्यांसाठी गॅरेजात दोन हीटर लावून ठेवले होते. बाई कागदावर नाव-पत्ता लिहीपर्यंत दार उबेला आलं होतं आणि गाडी ठणठणीत बरी झाली होती. काकांनी पावती लिहिली. मंगळवारी बाई पुन्हा आल्या, पुन्हा सर्रकन, पुन्हा पावती.

गुरुवारी त्यांनी दोन्ही पावत्या टेबलावर आपटल्या आणि खुर्चीत बसून चक्क रडायला लागल्या.

"या तुमच्या पावत्यांनी माझा संसार मोडायची वेळ आणलीय, काका."

पावतीवरून काकांनी आजवर पुष्कळ बोलणी खाल्ली होती, पण हा आरोप नवा होता. काकूंनी लगबगीनं पाणी आणलं.

प्रकार असा होता. बाईंचे यजमान त्याच कारखान्याच्या फाटकावर रात्रपाळीला होते. सकाळी सातला त्यांची पाळी संपायची आणि बाईंची सुरू व्हायची. संध्याकाळी बाई घरी पोचायच्या तेव्हा ते घराची किल्ली दारावरच्या पत्रपेटीत टाकून निघालेले असायचे. रविवार सोडला तर नवराबायकोची भेट काय ती फाटकावर. बाई गाडी थांबवायच्या, काच खाली करून पास दाखवायच्या, ती एकुलती एक किल्ली त्यांच्या हातात द्यायच्या, आणि अर्ध्या मिनिटात जे काय बोलायचं ते बोलून घ्यायच्या. फाटकाची वाट इतकी चिंचोळी की तिथं गाडीचं दार उघडत नसे. आत गाडी लावून धावत परत यावं, तर यजमानांची सात पाचची बस गेलेली. बटणांच्या कारखान्याला एवढं कडेकोट फाटक कशाला, ते मालकालाच ठाऊक.

"बारा वर्षं असाच संसार केला," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आणि छान चाललं होतं हो!"

"मग बिनसलं कुठं?" काकूंनी विचारलं.

"रविवारी भांडण झालं. गीझर रात्रभर चालू राहिला होता. मी म्हटलं तुम्ही ठेवला, ते म्हणाले तू ठेवलास. शेवटी मी म्हणून गेले, आता तुमच्याशी बोलायचंच नाही. आणि सोमवारी ही काच अशी!"

यजमानांना वाटलं, बायकोनं शब्द खरा केला. काचेवर बर्फाची साय धरलेली. आतून बाई जीव तोडून हातवारे करत होत्या, ते त्यांना बाहेरून भांडणाचंच पुढचं पान वाटलं. मंगळवारी सकाळी बाईंनीही किल्ली पत्रपेटीतच ठेवली, तर त्याचा अर्थ त्यांनी असा लावला की आता हातात द्यायचीही नाही. फोन तर ते उचलतच नव्हते. बाईंनी फ्रिजवर चिठ्ठी लावली: 'काच अडकते.' संध्याकाळी खाली उत्तर होतं: 'गॅरेजची पावती वाचली.'

"आता त्यांनी बदलीचा अर्ज लिहिलाय. दुसऱ्या कारखान्यात, इथून एका दिवसाच्या वाटेवर. उद्या पाळी संपली की देणार. नक्कल फ्रिजवर लावलीय, मला दिसावी म्हणून!"

काकू नवऱ्याकडे वळल्या. "अहो, द्या ना लिहून काच बिघडलीय म्हणून. दोन शब्दांचा तर प्रश्न आहे."

"न पाहता?"

"न पाहता."

"खाली सही माझी असते."

"मग बसा सही कुरवाळत," असं म्हणून काकूंनी दोन्ही हीटर बंद केले आणि शटर पार वर ढकललं. "बघाच आता गारठा."

पुढचा दीड तास त्या गॅरेजात जे चाललं होतं त्याला वेडाचार म्हणायला हरकत नाही. काकू मासळीवाल्याकडून उरलेला बर्फ घेऊन आल्या. तो पोत्यात भरून दाराला आतून-बाहेरून बांधला. तिघं घोंगड्या पांघरून गाडीभोवती उभे राहिले. एक गिऱ्हाईक ऑइल बदलायला आलं, त्यानं हा देखावा पाहिला आणि काही न विचारता आल्या पावली परत गेलं. शेवटी काकांनी, दात वाजत असताना, हुकूम सोडला, "दाबा!"

सर्रकन. वर गाडीभर मासळीचा वास.

काकांनी सवयीनं पावतीपुस्तक ओढलं, पण बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना लिहवेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना त्या तीन शब्दांची लाज वाटली. दोष आपल्याला आढळला नाही म्हणजे तो नाहीच, हे आपण कुणाच्या जिवावर ठरवत आलो?

"बाई, सकाळी तुमच्या गाडीत मी येतो," ते म्हणाले.

शुक्रवारी पावणेसातला काका बाईंच्या शेजारी बसले. अंगात काकूंनी चढवलेले चार स्वेटर, त्यांतले दोन काकूंचे. बाईंनी पुढची काच खरवडून घेतली होती. बाजूच्या काचा पांढऱ्याफटक होत्या. फाटकाशी गाडी थांबली. बाहेर यजमानांची आकृती पाठ फिरवून उभी होती.

बाईंनी स्विच दाबला. टक्.

"पुन्हा!"

टक्.

"अडकली!" काका सीटवर उडालेच. "बाई, अडकली! शाब्बास! अडकली!"

आनंदाच्या भरात त्यांनी बाईंचा हात धरून गदागदा हलवला. बाईही एकदम हसायला लागल्या. यजमानांनी आवाज ऐकून वळून पाहिलं. त्यांना सायीतून दिसलं ते एवढंच, की आपली बायको एका जाडजूड परपुरुषाबरोबर बसून खिदळते आहे. ते तरातरा काचेशी आले.

काकांनी घाईघाईनं पावतीपुस्तक काढलं. पहिली ओळ झरझर लिहिली: 'दोष आढळला.' मग हात थांबला. चाळीस वर्षांत त्यांनी एकही पावती मागे घेतली नव्हती. मागे ट्रक भोंगे वाजवत होते. काकांनी ओठ घट्ट मिटले आणि खाली लिहिलं: 'आधीच्या दोन्ही पावत्या चूक.' सही केली, आणि बाईंच्या पुढ्यातून वाकून पावती काचेला आतून चिकटवली.

यजमानांना निळा डाग तेवढा दिसला. त्यांनी हातमोज्याच्या बोटानं बर्फ खरवडून पाहिला, निघेना. तेव्हा खिशात हात घालून जो जाड कागद हाती आला तो चार पदरी दुमडला आणि त्यानं काच घासायला सुरुवात केली. घासता घासता कागद भिजला, फाटला, त्याच्या लोळ्या झाल्या. काचेवर हातभर जागा मोकळी झाली. यजमानांनी पावती वाचली. परत वाचली. मग बायकोकडे पाहिलं. तिच्या मुठीत किल्ली होती.

त्यांनी उरलेला कागद खिशात कोंबला, हातमोजे काढले आणि दोन्ही तळवे काचेवर दाबून धरले.

"आता दाबा," काका बाईंना म्हणाले, आणि दाराच्या आत जिथं मोटर असते नेमकी तिथं त्यांनी मूठ हाणली. काच चार बोटं खाली आली आणि थांबली.

"गीझर मीच चालू ठेवला होता," यजमान त्या फटीतून म्हणाले.

"नाही हो," बाई म्हणाल्या, "मी ठेवला होता. सोमवारी सकाळीच आठवलं मला. चार दिवस तेच तर सांगतेय."

बाईंनी फटीतून किल्ली पुढे केली, तशी यजमानांनी किल्लीसकट तिची बोटंच धरून ठेवली.

"आणि अर्ज?" बाईंनी हळूच विचारलं.

यजमानांनी दुसऱ्या हातानं खिसा चाचपला. त्यात कागदाचा ओला लगदा होता. तो कशाचा, हे त्यांनाही आत्ताच कळत होतं.

मागून सात पाचची बस निघून गेली.