हार घातल्यावर

तानपुरा चांगला लागलेला होता, तरी गौरजा सामंतांनी तो पुन्हा जुळवायला घेतला. मग उठून त्या व्हरांड्यात गेल्या, तिथून परत आत आल्या. पेटीच्या साथीला बसलेली विद्यार्थिनी इशिता म्हणाली, "मॅडम, बसा ना जरा."

"बसलेय की," उभ्या उभ्याच मॅडम म्हणाल्या.

गौरजा या कॉलेजात संगीत शिकवत होत्या. त्या लागल्या तेव्हा विभागात पेटी होती, पण तबला नव्हता. आता इथे कीर्तनाचा पदविका अभ्यासक्रम सुरू व्हावा, म्हणून त्यांनी ओरोसला आणि मुंबईला हेलपाटे घातले होते. आपल्या गावागावांत सप्ते होतात, देवळं भरतात, मग हे गाणं कॉलेजात का शिकवू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. आज विद्यापीठाची समिती आली होती, आणि तिच्यासमोर एक कीर्तन करून दाखवायचं होतं.

चहा घेताना समितीचे प्रमुख डॉ. देसाई यांनी सरळच विचारलं, "पदं तुम्ही शिकवाल, त्याबद्दल शंका नाही. पण आख्यान, म्हणजे कथा सांगणं, कोण शिकवणार? नुसत्या पदांना कीर्तन म्हणता येणार नाही. मग आम्ही शिफारसही करणार नाही."

"वेंगुर्ल्याचे कीर्तनकार विश्रामबुवा. आजची कथाही तेच सांगणार आहेत. येतीलच ते."

तेवढ्यात बुवांचाच फोन आला. गौरजा कोपऱ्यात गेल्या. "बुवा, खंय आसात तुमी?"

"घरात गो." आवाज कसला, नुसती खरखर. "घसो पुरो बसलो. उत्तररंगाक, कथेक, तूच उभी रव."

"माका जमाचा नाय, बुवा."

"गळो तुझो, ताल तुझो. जमाचा नाय तां काय?"

काय जमत नाही, ते बुवांना ठाऊक होतं. शाळेत असताना कणकवलीच्या एका उत्सवात गौरजा कीर्तनाला उभी राहिली होती. पूर्वरंग छान रंगला, पण कथेला तोंड फोडलं आणि पुढचं सगळं डोक्यातून पुसलं गेलं. सूर तेवढा सोबत राहिला, शब्द पळाले. तेव्हापासून त्या गात आल्या, शिकवत आल्या. कथा मात्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची.

त्यांनी मनाशी ठरवलं, पूर्वरंग करायचा, नामगजर करायचा, नमस्कार करून खाली बसायचं. पुढचं देसाईसाहेब म्हणतील तसं.

हॉल भरला. कॉलेजसमोर राहणाऱ्या सुशीलाअक्का पहिल्या रांगेत येऊन बसल्या. अक्कांनी आसपासच्या देवळांतलं एकही कीर्तन चुकवलेलं नाही. मांडीवर हारफुलांची परडी होती.

नमन झालं. देवाला हाक मारायची म्हणजे काय, यावर गौरजा बोलल्या, गायल्या. प्रीतमचा तबला छान बोलत होता. नामगजर असा चढला की मागच्या बाकावरची वाणिज्य शाखेची मुलंही टाळ्या देऊ लागली. गजर थांबला. गौरजांनी नमस्काराला हात जोडले, तोच अक्का लगबगीने पुढे आल्या. त्यांनी मॅडमच्या गळ्यात हार घातला, कपाळाला बुक्का लावला आणि वाकून पाया पडून त्या जागेवर जाऊन बसल्या. देवळात दर वेळी करायच्या तसंच.

गौरजा जागच्या हलेनात. हार गळ्यात पडला म्हणजे पूर्वरंग संपला, आता कथा. हार घालून घेतला आणि कथा सांगितलीच नाही, असं या मुलखात कोणी ऐकलं नव्हतं. सगळा हॉल सरसावून बसला. देसाईंनी घड्याळ पाहिलं. त्यांना कुडाळला रेल्वे गाठायची होती.

"थांबलंस कित्याक गो?" अक्का म्हणाल्या. "हार घातलंय मा? आता गोष्ट सांग."

गौरजांनी गळ्यातला हार सारखा केला. आज ठरलेली गजेंद्राची कथा त्यांनी शेकडो वेळा ऐकलेली, आणि आता पहिलं वाक्य सापडेना. नजर तबल्यावर गेली. प्रीतम दोडामार्गचा.

"प्रीतम, तुमच्याकडे हत्ती येतो ना रे?"

"इल्लो ना मॅडम! आमची केळी मोडून गेलो!"

हॉल हसला. "तर असाच एक हत्ती," गौरजा म्हणाल्या, "त्याला वाटायचं, सगळी केळी आपलीच." पुन्हा हशा उठला, आणि त्या हशात कथा पुढे सरकली. हत्ती तळ्यात उतरला. मगरीने पाय धरला. कळप काठावर थांबला, मग एकेक करून निघून गेला.

"लक्षात आलं का?" वर्गातल्या सवयीने त्यांच्या तोंडातून निघून गेलं.

"हो मॅडम!" अख्खा हॉल ओरडला. अक्कासुद्धा.

आता गौरजाही हसल्या. मग सोंडेत कमळ घेऊन हत्तीने देवाला हाक मारली, ती त्यांनी गायली. स्वर वर गेला आणि तिथेच थांबला. अक्कांनी पदराने डोळे टिपले. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. देसाईंनी मागे न बघता हातानेच त्याला गप्प केलं.

आरती झाली. प्रसादाची साखर हातात घेऊन देसाई म्हणाले, "शिफारस करतो. आख्यानासाठी कोणाचं नाव लिहू?"

"बुवांचं असू द्या," गौरजा म्हणाल्या. मग त्यांनी पुढे जोडलं, "आणि माझंही."

समितीची गाडी गेली. पुढच्या तासाची घंटा झाली. गळ्यातला हार काढायचं राहूनच गेलं. वर्गात शिरताच मुलं उठून उभी राहिली.

"बसा," गौरजा म्हणाल्या. त्या स्वतः मात्र तासभर खुर्चीला टेकल्या नाहीत.