अर्धा कोयता

मुक्ताबाईने दुधात लॅक्टोमीटर सोडला. तो स्थिर व्हायच्या आतच सुभद्राबाईंनी वाद पुन्हा उकरून काढला.

"सातचीच मालिका भारी. लग्नाचा वर्षाचा करार संपला, तर त्यानं भर अंगणात कराराचा कागद फाडला. म्हणला, जाऊ नको."

"आन साडेसातची?" उमाबाईंनी किटली खाली ठेवली. "तिनं आपली बॅग आपण भरली. त्यानं थांब म्हणायची वाट न्हाई बघितली."

"मग रडत बसली की स्टँडावर."

"रडली, पण गेली."

दूध केंद्रावर दोन तट पडले. शिरूर तालुक्यात पाऊस नव्हता, जनावरं आटली होती, किटल्या अर्ध्याच भरत. भांडायला वेळ भरपूर होता.

"मुक्ते, तू सांग. तुझंबी लगीन करारावरचंच की," सुभद्राबाई म्हणाल्या.

सगळ्या हसल्या. मुक्ताबाईही हसली. खोटं काहीच नव्हतं. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरतात. नऊ वर्षांपूर्वी मुकादमाने तिच्या नवऱ्याच्या, धर्मराजच्या नावावर आधी कोयता लिहिला, मुलगी नंतर शोधली. लग्नाच्या पाचव्या दिवशी ती ट्रकमध्ये बसली. तेव्हापासून दर हंगामाला तो ऊस तोडायचा, ती मोळ्या बांधून डोक्यावर वाहायची.

यंदा दूध संस्थेने तिला केंद्रावर कायम करायचं ठरवलं होतं. आज सकाळी भाकरी वाढताना तिने सांगून टाकलं, "मी ह्या साली येत न्हाई." धर्मराज जेवला, टोपी घातली आणि पाराकडे निघून गेला. मुकादम तिथेच कोयते लिहीत बसला होता. तेव्हापासून एकच प्रश्न तिच्या मनात घोळत होता. कोयताच मोडला, तर त्या घरात आपण कोण?

"दोन्हीबी खोट्या," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला.

"कावून बरं?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"करार संपल्यावर काय व्हायचं, ते लिवणाऱ्याला आधीच ठाव असतंय. खऱ्यात न्हाई ठाव होत."

"ते जाऊ दे. आला बघ तुझा हिरो," उमाबाई हळूच म्हणाल्या.

धर्मराज दारात उभा होता. केंद्रावर तो कधीच येत नसे.

"लिवून आलो," तो म्हणाला.

"काय?"

"अर्धा कोयता."

एकट्या गड्याला अर्धा कोयता म्हणतात. मुक्ताबाईने हात पदराला पुसले, कोरडे झाल्यावरही पुसत राहिली.

"मोळ्या कोन बांधंल?"

"मीच." तो जमिनीकडे बघत होता. "म्हणूनच आलतो. दाव एकदा."

संस्थेने चाऱ्यासाठी आणलेला ऊस मागच्या पडवीत रचला होता. तिने त्यातला कवळाभर ओढला आणि उकिडवी बसली. नऊ हंगाम तो पुढे तोडत गेला होता. मोळी मागे कशी बांधली जाते, हे त्याने एकदाही वळून बघितलं नव्हतं. तिने उसाच्या शेंड्याच्या हिरव्या वाढ्याला पीळ दिला, उसाखालून घेतला आणि एक टोक त्याच्या हातात दिलं.

"गुडघा ठिवा. आता वढा. हिसका न्हाई द्यायचा."

त्याने हिसकाच दिला. ऊस घरंगळला. किटल्या तिथेच टाकून बायका पडवीच्या दारात दाटल्या होत्या.

"बायका बघायल्यात," तो पुटपुटला.

"बघू द्या," मुक्ताबाई म्हणाली. "परत बांधा."