तीनलाखेंची वही

तीनलाखे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. त्यांच्या गाडीने तीन लाख किलोमीटर पुरे केले त्या दिवशी त्यांच्या मेकॅनिकने, उस्तादांनी, अख्ख्या गॅरेजला चहा पाजला आणि हे आडनाव बहाल केलं. ते असं चिकटलं की इमारतीतले लोक खरं आडनाव विसरून गेले, आणि बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, "या तीनलाखे, जेवण निवून गोळा झालंय."

गाडी होतीही तशीच. दारं चार, पण घरगुतीपणा नावाला नाही. बसकी, रुंद, गडद लाल, दोन लिटरचं इंजिन, आणि तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची. छापखान्यात मान खाली घालून मुद्रितं तपासणारा अडतीस वर्षांचा गृहस्थ अशी शर्यतीच्या वळणाची सेडान घेतो तेव्हा लोक हसतात. लोक पोट धरून हसले. तेवीस वर्षांनी ते हसणारे आपापली चौथी नाहीतर पाचवी गाडी चालवत होते आणि तीनलाखे पहिलीच.

याचं कारण साधं होतं. गाडीची काळजी घेणं म्हणजे तिला रविवारी शॅम्पू लावणं, असं बहुतेकांना वाटतं. तीनलाखे दर सात हजारांना ऑइल बदलत. इंजिन गार असताना त्यांनी ते कधी पिळलं नाही. टायमिंग बेल्ट कंपनी सांगते त्याच्या दहा हजार आधी बदलायचा म्हणजे बदलायचा, मग घरात लग्न असो की आजारपण. झालेलं प्रत्येक काम एका निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत उतरायचं: तारीख, किलोमीटर, काय बदललं, का बदललं. अक्षर असं की छापायला द्यावं.

बारा वर्षांपूर्वी कंपनीने ते मॉडेल बंद केलं. कंपनीच्या वर्कशॉपने हात वर केले. तेव्हापासून गाडीला जगात एकच माणूस उरला, उस्ताद. त्यांचं गॅरेज पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत होतं, एक खड्डा, एक जॅक आणि भिंतीवर आकारानुसार टांगलेले पाने. उस्ताद बॉनेटवर तळहात ठेवून इंजिनाला पेलणारा कुठला रबरी माउंट बसलाय ते सांगायचे. तीनलाखे एवढे चिकित्सक, पण उस्तादांच्या कामावर त्यांनी कधी नजर फिरवली नाही. दोघं एका वयाचे, अरे-तुरेतले. उस्तादांची बायको गेली तेव्हा तीनलाखे तेरा दिवस रोज त्यांच्या दारात बसून होते.

मीटर तीन लाख एकोणऐंशी हजारांवर असताना ती गोष्ट पहिल्यांदा झाली. उस्तादांनी पुढचे ब्रेक पॅड बदलून दिले होते. गल्लीतून बाहेर पडून टाकीच्या वळणावर गाडी वळली आणि डावीकडून खट् खट् असा आवाज आला. तीनलाखेंनी गाडी कडेला घेतली. चाकाला पाच नट असतात. त्यातले तीन गच्च होते आणि दोन बोटांनी फिरत होते.

डिकीत टॉर्कचा पाना होता, नट हवा तेवढा आवळला गेला की कट् असा आवाज करणारा. त्यांनी दोन्ही नट आवळले, मग उरलेले अठराही तपासले, आणि घरी जाऊन वहीत लिहिलं: "डावं पुढचं, दोन नट सैल. आवळले."

दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम गॅरेजवर गेले. सांगायचंच ठरवून गेले होते. पण तोंड उघडायच्या आत उस्तादांनी खाटेखालून काळ्या रबराचा एक जाड तुकडा बाहेर काढला. "गिअरबॉक्सचा माउंट! भंगारवाल्याला आठ महिने पिडत होतो. शेवटचा आहे बघ, यापुढे मिळायचा नाही. आता चार लाख कुठे जात नाहीत. आडनाव बदलायची तयारी ठेव."

तीनलाखेंनी शब्द गिळला. एवढं करणाऱ्या माणसाला काय सांगायचं, की तुझा हात चुकायला लागलाय?

इथे त्यांच्या धंद्याचीही एक खोड आड आली. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुका शोधल्या होत्या. चूक दिसली की समासात खूण करायची, ती नीट करायची आणि पुढच्या ओळीकडे वळायचं. लिहिणाऱ्याला बोलावून त्याची शोभा करायची नाही. याला ते सभ्यपणा समजत. छापखान्यात तो सभ्यपणा होताही, कारण तिथे त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय कागद पुढे जात नसे. गॅरेजमधून मात्र रोज पाच-सहा गाड्या बाहेर पडत होत्या, आणि त्यांची नजर त्यातल्या एकाच गाडीवर होती.

पुढच्या दीड वर्षात असं आणखी चार वेळा झालं. एकदा ऑइलचा बोल्ट सैल निघाला, तीनदा चाकाचे नट. कुणी हाक मारली, फोन आला, की उस्तादांच्या हातातलं काम अर्ध्यात सुटायचं आणि परतल्यावर ते झालंय असंच त्यांना वाटायचं. तीनलाखेंनी एक पद्धतच पाडून घेतली. गॅरेजमधून निघायचं, हसून निरोप घ्यायचा, टाकीच्या वळणापलीकडे थांबायचं, वीसच्या वीस नट तपासायचे आणि वहीत लिहायचं. उस्तादांना कळलं तर ते गॅरेज बंद करतील, त्या खड्ड्याशिवाय त्यांना उरलंय काय, असं तीनलाखे स्वतःला समजावत. मैत्रीपोटी गप्प राहतोय असं त्यांना मनापासून वाटायचं. गॅरेज बंद झालं तर तीन लाख नव्वद हजारांवर लाल गाडीही कायमची उभी राहील, हा विचार ते पुरा करत नसत. निवृत्त झाल्यावरही कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी हा माणूस बाहेरच्या रिंगरोडने जायचा, यावरून काय ते समजा.

खालच्या मजल्यावर एक नर्स राहायची. सरकारी दवाखान्यात होती, पस्तिशीची, एकटी, लहानशी पांढरी गाडी चालवायची. तीनलाखेंची बायको आजारी पडली तेव्हा चाळीस दिवस रोज ड्यूटीवरून आल्यावर, चपलासुद्धा न काढता, ती आधी वर येऊन इंजेक्शन देऊन जायची. एक दिवस जिन्यात तिने विचारलं, "काका, माझे ब्रेक किरकिरतात हो. कुणाकडे टाकू?"

"उस्तादांकडे," तीनलाखे म्हणाले. "डोळे झाकून जा."

वर्षानुवर्षांच्या सवयीचं वाक्य ते. तोंडातून निघून गेलं आणि चार पायऱ्या चढल्यावर ते थबकले. तीनच दिवसांपूर्वी त्यांनी वहीत पाचवी नोंद केली होती. पण आता मागे फिरून काय म्हणणार? नको जाऊस? का नको?

त्यावर त्यांनी एक तोडगा काढला. गाडी गॅरेजमधून आली की आपणच गुपचूप जाऊन तिचे नट तपासायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी पांढरी गाडी खाली दिसली तसे ते टॉर्कचा पाना घेऊन उतरले. पण नर्स आधीच आत बसली होती, काच खाली, पट्टा लावलेला.

"काय काका, पाना घेऊन सकाळी सकाळी?"

"काही नाही. आमच्याच गाडीचं... ब्रेक कसे झाले?"

"एकदम मस्त! तुमच्या उस्तादांचा हात म्हणजे हात आहे. पैसेसुद्धा कमीच घेतले, तुमचं नाव सांगितलं म्हणून."

थांब, दोन मिनिटं लागतील, एवढंच म्हणायचं होतं. ती थांबली असती. तिने कारण विचारलं असतं आणि मग ते सांगावं लागलं असतं. तीनलाखेंनी पाना पाठीमागे धरला आणि दुसऱ्या हाताने तिला टाटा केला. संध्याकाळी बघू, असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळी ती डबल ड्यूटीवर होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोची तपासणी होती. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या उतारावर पांढऱ्या गाडीचं डावं पुढचं चाक निखळलं आणि गाडी दगडी कठड्यावर गेली.

ती वाचली. डावा पाय घोट्याच्या वर कापावा लागला. बारा-बारा तास वॉर्डात उभी राहणारी बाई, तिचा पाय. ही बातमी बायकोने सांगितली तेव्हा तीनलाखे न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बराच वेळ उभे राहिले.

पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, उस्ताद घरी आले. तेवीस वर्षांत ते या घरात दोनदा आले असतील. इस्त्रीचा शर्ट घातला होता, नखांतलं काळं घासून घासून बोटं लाल केली होती. सोफ्याच्या कडेवर ते असे बसले, जणू मागे टेकलं तर डाग पडेल.

"वहिनी, चहा नको. दोन मिनिटांचं काम आहे." मग ते तीनलाखेंकडे वळले. "चौकीवर बोलावलं होतं. म्हणतात, तुम्ही नट आवळलेच नाहीत. मी म्हटलं, पन्नास वर्षं आवळतोय. कुणीतरी चाक चोरायला सैल केले असतील. म्हणतात, पुरावा काय? तेव्हा मला तुझी वही आठवली."

तीनलाखेंची नजर टीव्हीखालच्या कप्प्याकडे गेली आणि परत आली.

"सगळं लिहितोस ना तू? मग दे. तेवीस वर्षांचं माझं काम आहे त्यात. त्यांना म्हणेन, एक चूक काढून दाखवा, आजच्या आज गॅरेजला कुलूप लावतो."

"मी... मी हवी तेवढी पानं उतरवून देतो. स्वच्छ अक्षरात. संध्याकाळपर्यंत."

"उतरवून कशाला? आहे तीच दे की."

वही टीव्हीखालच्या कप्प्यात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. उस्तादांनी स्वतःच उठून ती घेतली, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून बोट फिरवत वाचायला लागले. पाच दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. "क्लच प्लेट, एक लाख बारा हजार. आठवतं, तू जवळ उभा राहून शिंकत होतास. हेड गॅस्केट! काय दिवस होता तो!" तीनलाखेंना तेवढ्यात वही हिसकावून घेता आली असती. ते उठलेसुद्धा, आणि पुन्हा बसले.

मग उस्तादांचं बोट थांबलं.

"डावं पुढचं, दोन नट सैल. आवळले." त्यांनी मान वर केली. "हे कुणी सैल ठेवले?"

उस्तादांनी पान उलटलं. मग पुढचं. आता ते मोठ्याने वाचत नव्हते, नुसते ओठ हलत होते. शेवटच्या लिहिलेल्या पानावर पोचून ते परत मागे आले आणि एकेक नोंद पुन्हा शोधून त्यांनी बोटांवर मोजली.

"पाच वेळा," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "मला का नाही सांगितलंस?"

"तू दुखावला असतास."

"हो. दुखावलो असतो." उस्तादांनी चष्मा काढला. "दोन दिवस जेवलो नसतो. तुला शिव्या घातल्या असत्या. आणि तिसऱ्या दिवशी पाना खाली ठेवला असता. त्या पोरीचा पाय गेलाय रे."

तीनलाखेंना रडू फुटलं. ते तोंडावर हात धरून रडत होते आणि उस्ताद त्यांच्याकडे बघत होते, एखाद्या इंजिनाचा आवाज ऐकावा तसे, डोकं जरा कलतं करून.

"गाडी किती झाली?" त्यांनी विचारलं.

"अं?"

"किलोमीटर."

"तीन लाख अठ्ठ्याण्णव हजार."

"म्हणजे दोन हजार राहिले." उस्ताद एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. बिघाड कुठे आहे ते सापडल्यावर ते नेहमी ज्या सुरात बोलत, तोच सूर होता. मग त्यांनी कपाळ चोळलं. "आणखी एक सांग. तिला माझ्याकडे कधी पाठवलंस? मला तारखा आठवत नाहीत हल्ली. या पाचव्या वेळेच्या आधी, की नंतर?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला तारीख माहीत नव्हती. उस्तादांना आठवत नव्हती. नर्सला वहीतलं काही ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. 'आधी' म्हटलं असतं तर जगात कुणाला कळलं नसतं.

"नंतर," तीनलाखे म्हणाले. "तीन दिवसांनी."

उस्तादांनी मान हलवली. वही मिटून काखेत घेतली आणि सोफ्याला हात टेकून उठले. "चौकीवर माझं मी सांगतो," ते दारातून म्हणाले. "तिला तू सांग."

त्यांची पावलं जिन्यावरून उतरत गेली. बायको तिथेच उभी होती. नवऱ्याकडे न बघता तिने खुंटीवरचा त्यांचा बाहेरचा शर्ट काढला आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"दुसऱ्या मजल्यावर आहे ती, खिडकीजवळच्या खाटेवर," ती म्हणाली. "भेटायची वेळ अकरा ते एक."