खात्रीचा शब्द

निळा ठिपका अजून होताच. खालच्या कवळीच्या उजव्या दाढेवर, मोहरीएवढा – म्हणजे दाढ अजून उंचच, अजून घासायला हवी. दोनदा घासून झालं, तरी निळा कागद ठेवून चावायला सांगितलं की पहिला ठोका इथंच. ड्रायव्हरकाका समोरच्या स्टुलावर बसले होते, गाल आत गेलेले, हात मांडीवर, जणू सिग्नल लागलाय आणि घाई कुणालाच नाही. डॉक्टर आज रजेवर, म्हणून काका थेट तिच्याकडे, दवाखान्यामागच्या या कवळ्या बनवायच्या खोलीत आले होते. एरवी तिच्यापर्यंत माणसं येतच नसत. यायचे ते साचे, प्लास्टरचे, मुके. बावीस वर्षं तिला ते बरं वाटत आलं होतं. साचा काही विचारत नाही. साचा आभार मानत नाही.

काका मात्र आल्या आल्या म्हणाले होते, "ताई, तुमचे उपकार कसे फेडू मी?"

उपकार! तिनं घासायची मोटार चालू केली, म्हणजे बोलावं लागणार नाही… पण दाढ घासताना उडणाऱ्या गुलाबी भुकटीतूनही ती खोली दिसतच राहिली. काकूंची खाट, उशाशी औषधं, आणि भोवती चर्चमधल्या सहा-सात जणी, त्यांत तीही, रोज संध्याकाळी, प्रार्थनेत प्रभूपुढं अक्षरशः दातांच्या कण्या करत. एकविसाव्या दिवशी तिच्या तोंडून – तिच्याच – शब्द निघाले होते : "काकू उठणार. प्रभूनं मला तसं सांगितलंय." खोली शहारली. कुणी रडलं, कुणी मोठ्यानं आमेन म्हणालं, आणि काकांनी तिथूनच दूरच्या शहरातल्या लेकीला फोन लावला : घाई करू नकोस, रजा वाया घालवू नकोस, आई बरी होतेय. चौथ्या दिवशी काकू गेल्या. लेक पोचली ती थेट दफनभूमीत.

याला आता वर्ष झालं. वर्षात एकानंही तिला जाब विचारला नाही. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण तिच्या जिभेला सगळ्यांनी मान दिला, अजूनही देत होते. कुणाच्या घरी आजारपण आलं की पहिला निरोप तिलाच. शेवटी ती भावाकडे गेली. भाऊ त्याच चर्चचा पाळक, म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"दादा, मी तेव्हा चुकीचं बोलले."

"अगं, चुकीचं कसं? ती उठलीच ना. इथं नाही, प्रभूजवळ. शब्द खराच ठरला."

"मी तसं म्हटलं नव्हतं."

"तू म्हणालीस ते तुला कळलं नसेल." तो हसला. मायेनंच हसला, आणि तेच तिला सहन होईना. एखाद्याला कवळी बसली नाही, तर मी त्याला सांगू का, की इथं नाही पण स्वर्गात बसेल? माझं काम मला परत घासावं लागतं. तुमचं काम कधीच चुकत नाही, दादा, कारण तुम्ही ते तपासतच नाही… हे ती बोलली नाही. चहा पिऊन परत आली. दर रविवारी उपासनेला जाते, गीतं म्हणते, डोळे मिटते. आणि मिटल्या डोळ्यांआड मला ऐकू येतो तो माझाच आवाज. शब्द सगळे तोंडपाठ; पलीकडे कुणी आहे की नुसती भिंत, काही कळत नाही.

तिनं कवळी धुऊन काकांच्या हातात दिली. त्यांनी ती तोंडात बसवली, गाल भरले, चेहरा एकदम दहा वर्षांनी मागं गेला.

"चावा. आता हळूच डावीकडे सरकवा."

"झकास," काका म्हणाले, आणि उठले नाहीत. "ताई, एक काम होतं. पोरगी माझा फोन घेत नाही. घेतलाच तर म्हणते, तुम्ही मला येऊ दिलं नाहीत. मी म्हणतो, अगं, ताईंना प्रभूचा शब्द आला होता, आपल्याला त्याचा अर्थ लागला नाही, एवढंच. की ठेवते फोन. तुम्ही एकदा बोलाल तिच्याशी? कसं ऐकू आलं, ते सांगाल?"

तिनं निळ्या कागदाचे तुकडे गोळा केले. एक, दोन, तीन. मग तिसरा परत खाली ठेवला.

"मी काही ऐकलं नव्हतं, काका."

"म्हणजे?"

"मनातलंच बोलले. तुमच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून."

काका स्टुलावरून उठले. आता म्हणतील, असू दे ताई, देवाची मर्जी. म्हणतीलच, सगळे तेच म्हणतात…

"मग गप्प बसायचं होतं!" नव्या दातांमुळे शब्द अडखळले आणि थुंकी उडाली. "चार दिवस होते तिच्या हातात. चार दिवस! आईचा हात धरून बसली असती पोर." खिशातून पेन काढून त्यांनी तिच्या टेबलावरच्या चिठ्ठीवर नंबर खरडला, इतका दाबून, की कागद फाटला. "फोन करा. हेच सांगा तिला. माझ्याकडून तिला पटायचं नाही." आणि ते दार न लावताच गेले.

तिनं फाटलेली चिठ्ठी सपाट केली. छातीवरचं काहीतरी खाली आलं होतं – कुणीतरी चिडलं होतं, वर्षानं का होईना, योग्य माणसावर चिडलं होतं. तिनं फोन उचलला, चार आकडे दाबले, आणि थांबली.

कारण 'ऐकलं नव्हतं' हेही पुरतं खरं नव्हतं. त्या संध्याकाळी काहीतरी झालं होतं. गळ्याशी ऊब दाटली होती, आणि शब्द आपण जुळवायच्या आधीच जिभेवर आले होते… की आलेसं वाटलं? दया होती ती? की सगळ्याजणींत आपण वेगळ्या, असं वाटायची हौस? 'ऐकलं होतं' म्हणावं तर खोटं, 'नाही' म्हणावं तर तेही सोयीचं. त्या मुलीला नेमकं काय सांगू मी?

"बोलला होतास की नाही, एवढंच सांग," ती मोठ्यानं म्हणाली. "बाकी काही नको. एवढंच."

बाहेर कुणीतरी खुर्ची सरकवली. तिनं कान दिला नाही. आपण हे कुणाला म्हणालो, ते तिला सांगता आलं नसतं. भावानं विचारलं असतं तर मुळीच नाही. वर्षभर घोकलेल्या प्रार्थनांमधला एकही शब्द यात नव्हता. उत्तर आलं नाही. ती वाट बघत राहिली, दात आवळून, चिडून, जशी समोर असलेल्याच माणसाची वाट बघतात तशी.