बाबांची दाढी

मामाने माझे केस कापले आणि आरशात मला मी दिसलेच नाही, चक्क एक कैदी दिसला!

झालं असं, की मी मोठ्या तोऱ्यात खुर्चीत बसले, "खांद्यापर्यंत ठेव हं" म्हटलं आणि त्याने मशीन चालू केलं. मागून वर, कानांवरून, पुन्हा मागून. मी "अरे अरे" म्हणेपर्यंत खेळ खलास. वर माझ्या डोक्यावर टपली मारून तो ओरडला, "चला, पुढचा!" दुकानात पुढचा कोणी नव्हताच. मग त्याने आरशात पाहिलं आणि त्याच्या हातातून कंगवा पडला.

"वकीलबाई," तो हळूच म्हणाला. मी फार वाद घालते, म्हणून त्याने मला हे नाव ठेवलंय. "आत एकच कट असायचा गं सगळ्यांना. हात आपोआप गेला."

मी खरं तर रडणार होते. पण त्याचं तोंड इतकं उतरलं होतं की मला हसूच फुटलं, आणि फुटलं ते थांबेना. दुसऱ्या दिवशी शाळेत मुली डोळे फाडून बघायला लागल्या. मी मान ताठ करून सांगितलं, "माझ्या मामाने कापलेत. दुकान कोपऱ्यावर आहे, तुम्हीही या." दोघी खरंच आल्या! त्यांचे मात्र त्याने कात्रीने कापले, दहादा विचारून.

हा माझा सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ. माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी त्याच्या दुकानामागच्या गल्लीत एक माणूस मेलेला सापडला, गळा चिरलेला. वस्तरा कोणाकडे असतो? न्हाव्याकडे. झालं! तेवढ्यावर मामा आत गेला. आईबाबांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, कोणी ऐकलं नाही. यंदा खरा खुनी दुसऱ्याच प्रकरणात पकडला गेला आणि त्याने हाही खून कबूल केला. कोर्टाने मामाला निर्दोष म्हणून सोडलं. मी तोवर मामाला फक्त जाळीपलीकडून पाहिलं होतं. तो इतका उंच असेल असं मला वाटलंच नव्हतं!

आईने त्याचं दुकान विकलं नव्हतं. आम्ही जळमटं काढली, आरसा पुसला, एकुलती एक खुर्ची तेल घालून फिरती केली. तुरुंगात त्याला वस्तरा कोण देणार? तिथे नुसतं मशीन. म्हणून हात बसवायला आम्ही फुगे आणले. मी फुगवायचे, तो फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो फेस काढायचा. पहिले कितीतरी फुगे फाटकन फुटले. फेस माझ्या नाकात, मामाच्या भुवयांवर, छताच्या पंख्यावर! आठवड्याभरात मात्र एकही फुटेना. फुगा असा चकचकीत व्हायचा की वाटायचं, आता हा पावडर मागणार.

माणसं पण फुग्यांसारखी सोपी असती तर! लोक यायचे, "सुटलास, बरं झालं" म्हणायचे, केसही कापून घ्यायचे. आणि मामाने वस्तऱ्यात नवं ब्लेड घातलं की उठायचे. "दाढी राहू दे, घरीच करतो." प्रत्येक जण हेच. रंगाच्या दुकानवाल्या काकांची दाढी तर पूर्वी रोज मामाच करायचा. तेही गळ्यावर हात ठेवून निघून गेले.

एका शनिवारी जेवताना मामा म्हणाला, "ताई, मी गोदामात हमालीला जातो. उद्याचा दिवस बघतो, मग दुकान बंद."

"का रे? गिऱ्हाईक येतंय की."

"केस सगळेच देतात. गळा कोणी देत नाही." एवढं बोलून तो ताट घेऊन आत गेला.

मी बाबांकडे पाहिलं. बाबांच्या हनुवटीवर कापूस चिकटला होता. सकाळी घरीच दाढी करताना कापलं होतं त्यांना.

"बाबा, तुम्ही का नाही बसत मामाकडे?"

"माझी कातडी नाजूक आहे."

"तुमची? उन्हातान्हात दारोदार विजेचे मीटर बघत हिंडता तुम्ही!"

"अगं, मला त्याची भीती नाही," बाबा कुजबुजले. "मला वस्तऱ्याची भीती आहे."

"हा फरक बाहेरच्यांना कसा कळणार? घरचा माणूस बसत नाही म्हटल्यावर बाहेरचा कशाला बसेल?"

आई भात वाढताना म्हणाली, "बोल बाई बोल. मी बोलले असते तर भांडण झालं असतं."

बाबांचं भित्रेपण साऱ्या रस्त्याला ठाऊक होतं. इंजेक्शन बघून ते दवाखान्यात आडवे झाले होते. कुत्रं भुंकलं की मीटर न बघताच पळायचे. पण रविवारी सकाळी त्यांनी चपला घातल्या आणि फाशीला निघाल्यासारखे दुकानाकडे निघाले. रात्रभर कूस बदलत होते म्हणे. डोळे लालभडक.

"भाऊजी, तुम्ही?" मामा उभाच राहिला.

"कर लवकर," बाबांनी खुर्चीचे हात घट्ट पकडून डोळे मिटले.

मामाने गरम पाण्यात ब्रश बुडवला. गालांवर गोल गोल फेस चढत गेला. ब्लेड बदललं. मी श्वास रोखून दारात उभी. पहिला हात गालावरून फिरला, काही झालं नाही. दुसरा फिरला. मामाने हनुवटी वर केली, वस्तरा गळ्यापाशी नेला, आणि घर्रर्र असा आवाज आला.

मामा दचकून थांबला. पुन्हा घर्रर्र!

"वकीलबाई," तो कुजबुजला, "हे घोरतायत!"

खरंच! रात्रीचं जागरण आणि गरम फेस, बाबा गाढ झोपले होते. तोंड उघडं, गळा वर, आणि गळ्यावरून मामाचा वस्तरा लोण्यातून फिरावा तसा फिरत होता. बाहेरून जाणारा चांभार काचेपाशी थबकला. त्याने शेजारच्या इस्त्रीवाल्याला हाक मारली. "ए, हे बघ! इंजेक्शनला घाबरणारा इथे घोरतोय!" बघता बघता काचेला नाकं चिकटली. पाच-सहा जण आत येऊन बाकावर बसले. बाकावर जागा संपली तेव्हा रंगवाले काका उभेच राहिले.

"केस ना?" मामाने विचारलं.

"दाढी," काका म्हणाले.

"थांबावं लागेल. भाऊजी झोपलेत."

"झोपू दे. घाई नाही."

शेवटी चांभाराला शिंक आली आणि बाबा ताडकन उठले. समोर एवढी माणसं आपल्याकडे टक लावून बघतायत हे पाहून ओरडले, "काय झालं? मेलो का मी?"

दुकान हसून हसून कोसळायचं बाकी राहिलं. बाबांनी गळा चाचपला, आरशात पाहिला, पुन्हा चाचपला. "एक ओरखडा नाही रे!" ते मामाला म्हणाले. मग उठून त्याच्या खांद्यावर त्यांनी अशी थाप मारली की मामाच कळवळला.

मामा पाठ फिरवून बेसिनपाशी गेला. एक ब्रश धुवायला कुणाला एवढा वेळ लागत नाही. मग तोंडावर पाणी मारून, नवा टॉवेल झटकून तो वळला. रंगवाले काका खुर्चीत येऊन बसलेच होते. त्यांनी शर्टाची वरची दोन बटणं काढली, कॉलर दुमडली आणि मान मागे टाकली.