बटाट्याचा प्राण

कापडाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. रांग जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत गेली होती आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला ताणलेल्या होत्या. समोर स्टँडवर ताटाएवढी काळी काच उभी केली होती. खरं तर तो साधा टॅबलेट. पण प्राणगुरू त्याला ‘प्राणपाटी’ म्हणत, आणि गुरूंनी बारसं केल्यावर जुन्या नावाने हाक मारायची कुणाची बिशाद होती?

“नुसतं बोट ठेवा, दाबू नका,” गुरू मधाळ आवाजात सांगत. “दाबून चालतं ते यंत्र. ही पाटी स्पर्शातला प्राण ओळखते. प्राण असेल तर दिवा लागेल. नसेल तर मी तरी काय करणार? काच कुणाची भीड ठेवत नाही.”

बोट टेकलं की काचेवरचा दिवा उजळे, बारीक घंटा वाजे आणि हॉल ‘वा वा’ करी. दोन कॉलेजकुमारी आल्या, दिवा लागला. एक कारकून आला, लागला. मग एक गवंडी आला. त्याने पाचही बोटं टेकवून पाहिली, पण काच काळी ती काळीच. हॉलभर सुस्कारा उमटला. गुरूंनी डोळे मिटले, खिशातून एक पांढरी लेखणी काढली आणि तिचं टोक काचेला लावलं. दिवा लखकन लागला!

“माझ्यातला थोडा दिला,” गुरू दमल्यासारखे म्हणाले. सकाळभर असा प्राण वाटून हा दानशूर माणूस दुपारी आडवा हात मारून जेवे आणि छत हलेल इतका घोरे.

गवंड्याच्या मागे टायपिस्टबाईंचा नंबर होता.

बाई एकतीस वर्षं नोंदणी कचेरीत टायपिंग करत होत्या. आधी लोखंडी टाइपरायटर, मग कीबोर्ड. बोटांच्या टोकांना असे घट्टे पडले होते की सुई टोचली तरी कळू नये. गेल्या वर्षी कचेरीत कीबोर्ड जाऊन टचस्क्रीन आले. बाईंनी दहादा बोट लावावं तेव्हा एक अक्षर उमटावं. “बाई, काचेला तुम्ही दिसतच नाही,” असं तरुण कारकून हसून म्हणाले. मग साहेबांनी त्यांना टपालाच्या टेबलावर पाकिटं चिकटवायला बसवलं. पहिल्या दिवशी बाईंना फार लागलं. नंतर काही वाटेनासंच झालं. आपण संपत आलो आहोत, असं त्यांना आधीच वाटू लागलं होतं. आता गुरूंच्या पाटीने त्यावर शिक्का मारला.

दिवा लागला नाही. दोन्ही हातांनी नाही.

“माई,” गुरू हळूच म्हणाले, “घरात नवा जीव येणार आहे ना?” बाई चपापल्या. घरातल्या माणसांची माहिती दारातच कागदावर भरून घेतली होती, हे त्या साफ विसरल्या होत्या. “हा हात त्याला लावू नका. रिकामं भांडं भरल्या भांड्याला टेकवून कसं चालेल? तीन महिने लेखणीचा उपचार घ्या, मग बघू.”

चौथ्या दिवशी बाईंच्या मुलीला मुलगी झाली. ऑपरेशन झालं होतं, टाके चिघळले, दवाखान्यातला मुक्काम लांबला. मुलीने बाळ पुढे केलं, तर बाईंनी हात पाठीमागे नेले. “सर्दी झालीय गं मला.” दुसऱ्या दिवशी पाठ धरली होती. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, “आई, मला बाथरूमला जायचंय, दोन मिनिटं घे ना हिला.” बाईंनी बाहेर जाऊन सिस्टरना बोलावून आणलं. त्यानंतर मुलीने बाळ पुढे करणं सोडून दिलं. याचं आपल्याला वाईट वाटायला हवं, हे बाईंना कळत होतं. पण वाटत काहीच नव्हतं.

वॉर्डातल्या सिस्टरच्या नजरेतून हे सुटलं नाही. “मावशी, तुम्ही बाळाला हात का लावत नाही?” तिने सरळच विचारलं. बाईंनी दुसऱ्याचीच हकिगत सांगावी तसं सगळं सांगून टाकलं.

सिस्टरने त्यांना टेबलापाशी नेलं आणि वॉर्डाच्या टॅबलेटवर बोट ठेवलं. काही झालं नाही. “दिवसातून चाळीस वेळा साबणाने हात धुते मी. कातडीचं पार लाकूड झालंय. म्हणजे मी मेले का?” मग तिने बोट ओल्या कापसाला टेकवलं आणि पुन्हा काचेवर ठेवलं. लगेच पेशंटांची यादी उघडली.

“ही साधी काच आहे,” बाई म्हणाल्या. “त्यांची पाटी वेगळी.”

“बरं, मग त्यांच्याच पाटीवर बघू,” सिस्टर म्हणाली आणि दवाखान्याच्या स्वयंपाकघराकडे गेली.

रविवारी हॉल तसाच गच्च भरला होता. सिस्टरने पिशवीतून एक उकडलेला बटाटा काढला आणि बाईंच्या हातात दिला. “मावशी, हा लावा काचेला.”

बाईंनी बटाटा टेकवला. दिवा लागला. घंटाही वाजली.

मग मागून गवंडी ओरडला, “अहो, बटाट्याला प्राण आहे नि मला नाही?” हॉलमध्ये एकच हशा पिकला.

“अन्न आहे ते! अन्नात प्राण असतोच!” गुरू घाईघाईने म्हणाले.

“असेल. मग ही लेखणी?” सिस्टरने टेबलावरची लेखणी लाकडी चिमट्यात धरून काचेला लावली. दिवा लागला. “मी हातसुद्धा लावला नाही. कुणाचा प्राण, चिमट्याचा?” तिने लेखणीचं टोपण फिरवलं, आतून करंगळीच्या पेराएवढा सेल बाहेर पडला. लेखणी पुन्हा लावली. काच काळीच. “गेला बघा गुरूंचा प्राण. दुकानात दुसरा मिळतो.”

गुरू लालबुंद झाले. “श्रद्धेची थट्टा करता?”

“काचेची माहिती सांगते,” सिस्टर म्हणाली. “हिच्यात अगदी बारीक वीज खेळवलेली असते. आपल्या अंगात ओल असते, तशी बटाट्यातही असते. ओलं काही टेकलं की ती वीज जराशी तिकडे ओढली जाते, तेवढंच काचेला कळतं. कातडी जाड आणि कोरडी असली तर कळत नाही. कीबोर्डची कळ काठीने दाबली तरी अक्षर उमटतं. काचेवर काठीने उमटत नाही, एवढाच फरक. आता आठवून बघा, दिवा कुणाकुणाचा लागला नाही? गवंडी, धोबी, भांडी घासणाऱ्या बायका, म्हातारी माणसं. सगळी हात झिजवलेली माणसं. यंत्र काही सांगायला लागलं की एवढंच विचारा, की याला नक्की कळतं तरी काय? आणि विचारलं म्हणून कुणी चिडला, तर तिथून उठा.”

तिने बाईंचं बोट ओल्या कापसाला टेकवून काचेवर ठेवलं. दिवा लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका आजोबांनी मात्र शेजारच्याला हळूच विचारलं, “तो सेल कुठल्या दुकानात मिळतो म्हणाली?”

बाई तिथून थेट वॉर्डात गेल्या. सगळं सांगायला त्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत. मुलगी बाळाला थोपटत ऐकत होती.

“आई, लहानपणी मला आंघोळ कोण घालायचं?”

“मीच.”

“ताप आला की रात्रभर कपाळावर हात कुणाचा असायचा?”

“माझाच.”

“तेव्हा नव्हते हे घट्टे?”

“होते. तू जन्मायच्या आधीपासून आहेत.”

“मग मला काय झालं?” मुलीचा आवाज चढला. “धडधाकट तुझ्यासमोर बसलेय मी. तिकडे बटाटा घेऊन जायची काय गरज होती? मला विचारायचंस!”

मुलीने बाळ उचललं आणि जवळजवळ रागानेच त्यांच्या हातांत दिलं. बोटांच्या टोकांना काहीच लागलं नाही, तिथली कातडी केव्हाच निबर झाली होती. मनगटाला मात्र बाळाच्या डोक्याची ऊब लागली. बाई तशाच अवघडून बसून राहिल्या.

“मान धर नीट,” मुलगी म्हणाली.

बाईंनी मान धरली.